टॉर्मडची तिसरी फेक

माझा धाकटा भाऊ टॉर्मड एक्केचाळीस वर्षं नदीवर गिली होता. मासे धरायला आलेल्या पाहुण्यांना नदीवर न्यायचं, कुठल्या डोहात कुठल्या दगडाआड सॅमन बसलाय ते दाखवायचं, पाय घसरला तर साहेबाला कोटाच्या कॉलरला धरून वर ओढायचं, हे गिलीचं काम. आमचा बाप गिली, बापाचा बाप गिली. घर इस्टेटीचं. गिलीपण आहे तोवर घर आहे. गिलीपण गेलं की मेच्या अखेरीला किल्ली कारभाऱ्याच्या टेबलावर. हे आम्हाला कुणी कधी समजावून सांगितलं नाही. पाऊस ओला असतो हे तरी कोण समजावून सांगतं!

नदीवर जी माशी वापरतात ती खरी नव्हे. पिसं आणि रंगीत रेशीम गळाला गुंडाळून केलेली असते, आणि तिला वजन म्हणून नसतं. दगड भिरकवावा तशी ती भिरकवता येत नाही. फेकायची असते ती दोरी. माशी बापडी तिच्या शेपटाला धरून जाते. मला हे सातव्या वर्षी कळलं. एडिंबरोच्या मोठमोठ्या वकिलांना साठीतही कळलेलं नव्हतं.

शाळा मला चारच हिवाळे मिळाली, पण बाप टॉर्मडला शिकवत असायचा ते मी कपडे वाळत घालता घालता सगळं ऐकलं आहे. घरामागच्या गवतावर तो आईच्या कथलाच्या ताटल्या मांडायचा. एक जवळ, एक लांब, एक त्याहून लांब. गळाच्या जागी लोकरीचा पुंजका. "काठी वर घे. दोरी मागं जाऊ दे. आता थांब! थांब म्हटलं ना, गाढवा!" मागं गेलेली दोरी सरळ व्हायच्या आत काठी पुढं आणली तर चाबकासारखा आवाज होतो आणि माशी तुटून जाते. आणि दोरी जितकी लांब, तितकं थांबणं जास्त. हे थांबणं मोजायला बापानं एक युक्ती काढली होती. पाच वावांवर, म्हणजे दोन्ही हात पसरून पाचदा मोजावं एवढ्या लांब, फेकायचं तर मनात म्हणायचं "बटाटे". आठ वावांवर "बटाटे नि हेरिंग", हेरिंग म्हणजे आमचा रोजचा खारवलेला मासा. अकरावर "बटाटे, हेरिंग नि लोणी". आमच्या घरी लोणी कमी, म्हणून अकरा वावांवरची फेक टॉर्मडला सगळ्यात आवडायची.

वाऱ्याचं शास्त्र वेगळं. वारा समोरून आला तर मागची दोरी उंच टाकायची आणि पुढची खाली, पाण्यालगत दामटायची. पाठीमागून आला तर उलटं. उजवीकडून आला तर गळ स्वतःच्या कानात शिरतो, तेव्हा काठी डाव्या खांद्यावरून फिरवायची. आणि नेम पाण्यावर धरायचा नाही, पाण्याच्या हातभर वर धरायचा, म्हणजे माशी वरून अलगद उतरते. टॉर्मड हे सगळं बारा वर्षांचा होईतो शिकला. त्यानंतर त्यानं कुठल्या ताटलीला चुकवलेलं मला आठवत नाही. बाकी बऱ्याच गोष्टी चुकवल्या. लग्न चुकवलं, चर्चमधली पुढची रांग चुकवली, दाताचा डॉक्टर तर आयुष्यभर चुकवला.

शिकवायला मात्र त्याच्यासारखा कोणी नव्हता. एकदा एक निवृत्त न्यायाधीश आले होते. वारा उजवीकडून जोरात. टॉर्मड म्हणाला, "साहेब, डाव्या खांद्यावरून घ्या."

"मी तीस वर्षं उजव्या खांद्यावरून फेकतोय."

"बरं साहेब."

पुढच्या फेकीला गळ न्यायाधीशांच्या कानाच्या पाळीत. टॉर्मडनं खिशातून चिमटा काढला, गळ मोडून बाहेर काढला, रुमाल दाबला. न्यायाधीश कण्हत म्हणाले, "कुठल्या खांद्यावरून म्हणालास?"

"डाव्या, साहेब. उजवा कान झाला, आता डावा सांभाळू."

ते न्यायाधीश पुढं मरेपर्यंत दरवर्षी आले आणि दरवेळी टॉर्मडच हवा म्हणून अडून बसले.

माझा नवरा वारल्यावर मी टॉर्मडच्या घरी राहायला आले, ते मुलगी डिंगवॉलला नांदायला गेल्यानंतर. इस्टेटीच्या मोठ्या घरातले चादरी-टॉवेल मी धुवायची. आम्हा दोघांचं बरं चाललं होतं. तो बोलायला कंजूष, मी उधळी. एका घराला तेवढं बोलणं पुरतं.

मग त्याचे डोळे गेले.

एकदम नाही गेले. नजरेच्या मधोमध एक धुरकट ठिपका आला आणि तो दर हिवाळ्यात वाढत गेला. कडेचं दिसायचं. दार, झाड, चालता माणूस, पांढरी भिंत, सगळं कडेनं दिसायचं. ज्याच्याकडे सरळ बघावं तेच नाहीसं व्हायचं. इन्व्हरनेसच्या डॉक्टरनं उजेड पाडून पाहिलं आणि म्हणाला, याला औषध नाही. येताना बसमध्ये टॉर्मडनं तिकिटं चाचपून खिशात ठेवली. मग म्हणाला, "इशबेल, तुझं तोंड आता मला दिसत नाही."

"फायदाच झाला की तुझा," मी म्हटलं.

तो हसला. मी खिडकीकडे तोंड करून रडून घेतलं. तेवढं मात्र त्याला कडेनं दिसलं असणार.

"साठाव्या वर्षी गिली म्हणून नाव काढून टाकतील," तो म्हणाला. "मी दुसरं काय करू? मला दुसरं काही येत नाही. कुणाला सांगू नको."

मी सांगितलं नाही. तीन वर्षं सांगितलं नाही. रोज सकाळी न्याहारीआधी मी त्याच्यासाठी सहा बारीक दोऱ्यांना माश्या बांधून एका पुठ्ठ्यावर गुंडाळून द्यायची, कारण गळाच्या टोकाला सुईच्या नेढ्यासारखं भोक असतं, त्यात दोरा ओवणं त्याला जमेना. जाड दोरीवर मी रेशमाच्या बारीक गाठी मारल्या: पाच वावांवर एक, आठवर दोन, अकरावर तीन. बोटाखाली गाठ लागली की किती दोरी बाहेर गेली ते त्याला कळायचं. बाकीचं नदीच सांगायची. कुठल्या दगडावर पाणी कसं वाजतं हे त्याच्या कानात होतं, वारा कुठून येतो हे गालाला कळायचं. पाहुण्याला तो म्हणायचा, "तो बोडका दगड, साहेब, त्याच्या दोन हात अलीकडे." बोडका दगड खरोखर तिथंच असायचा. चाळीस वर्षांत तो कुठं गेला नव्हता.

कुणी मला विचारलं, "टॉर्मड हल्ली रस्त्यात ओळख देत नाही?" तर मी सांगायची, "गर्व झालाय त्याला." कुणी म्हटलं, "वर्तमानपत्र उलटं धरलं होतं," तर मी म्हणायची, "प्यायला होता." दारूला कधी फारसा न शिवलेला माणूस माझ्यामुळं गावात बेवडा ठरला. करणार काय!

मनाला खातं ते मात्र सांगते. तो पाहुण्यांना घेऊन कमरेएवढ्या पाण्यात उतरायचा. एखाद्याचा पाय गेला असता तर? मी खिडकीत उभी राहून सगळे परत आलेले मोजायची. मोजून झालं की धुण्याला लागायची.

त्या हिवाळ्यात इस्टेट विकली गेली. नवे मालक दक्षिणेकडचे. त्यांना मासे धरण्यापेक्षा मासे धरायला शिकवण्यात रस होता. पाहुण्यांसाठी फेकण्याची शाळा काढायची होती. कारभारी प्रिंगलनं होडीच्या खोपटावर कागद चिकटवला. त्याचा अर्थ असा: गिली चार आहेत, लागतात तीन. अकरा फेब्रुवारीला, हंगाम उघडायच्या दिवशी, चौघांनी पाद्रीबाबाच्या डोहात तीन रिंगांवर माशी टाकायची. पहिली पाच वावांवर, दुसरी आठ, तिसरी अकरा. ज्याच्या सगळ्यात कमी रिंगा होतील त्यानं मेअखेर घर सोडायचं.

हेक्टर घरी येऊन मोठ्यानं वाचून दाखवून गेला. हेक्टर म्हणजे दुसरा गिली, टॉर्मडचा शाळेपासूनचा दोस्त, तोंडानं फाटका. "तुला काय रे, लेका," तो म्हणाला. "तू झोपेत टाकशील. रडायची वेळ आमची."

तो गेल्यावर टॉर्मड म्हणाला, "ताटल्या काढ."

महिनाभर आम्ही घरामागच्या गवतावर उतरायचो. दहिवर पडलेलं, दोरीवरच्या चादरी पत्र्यासारख्या ताठ. मी ताटल्या मांडायची, गाठी मोजून त्याला दोरी सोडू द्यायची, आणि ओरडून सांगायची. "आत!" "बाहेर, वीतभर उजवीकडे!" "आखूड पडली, लवकर पुढं आलास, लोणी विसरलास!" सुरुवातीला अकरावरच्या दहातल्या तीन पडत. महिन्याच्या शेवटी दहातल्या नऊ. मी मुद्दाम वाऱ्याच्या दिवशी ताटल्या मांडल्या. समोरचा वारा, पाठीचा वारा, आडवा वारा. ईशान्येचा वारा उजवीकडून यायला लागला की काठी त्याच्या डाव्या खांद्यावर आपोआप जायची. झोपाळ्यावर बसलेल्या माणसाला जमिनीकडे बघावं लागतं का? तसंच त्याचं झालं.

फक्त दिशेचा प्रश्न उरला. दहा तारखेला हेक्टरनं होडीतून जाऊन रिंगा टाकल्या. लहान पोरी कमरेभोवती फिरवतात तसल्या पिवळ्या. प्रत्येकीला एक दगड बांधून तळाशी सोडला. मी धुण्याची टोपली कमरेवर घेऊन, मासे बघते आहे असं दाखवत, लाकडी धक्क्याच्या टोकाशी उभी राहिले. तिथूनच सगळ्यांनी फेकायचं होतं. पहिली रिंग होडीच्या पांढऱ्या खोपटाच्या रेषेत. दुसरी मोठ्या घराच्या पांढऱ्या धुराड्याच्या रेषेत. तिसरी चर्चच्या चुना लावलेल्या भिंतीच्या रेषेत. पांढरं टॉर्मडला कडेनं दिसतं. घरी येऊन मी त्याला सांगितलं. त्यानं तीनदा म्हणून पाठ केलं.

त्या दिवशी वारा अजिबात नव्हता, आणि तिथंच आम्ही चुकलो. नदीवर जन्मलेल्या माणसानंच अशी चूक करावी. आम्ही आयुष्यभर दगडांवर नेम धरला होता, आणि दगड वारा आला म्हणून हलत नाहीत. रिंग दोरीनं बांधलेली आहे, दोरीला ढील आहे, हे मी या डोळ्यांनी पाहिलं आणि डोक्यापर्यंत गेलं नाही. हेक्टरनं ढील भरपूर ठेवली होती, कारण रात्रीतून पाणी वाढलं तर रिंग बुडू नये. चांगला गिली नेहमी ढील ठेवतो.

अकरा तारखेला सगळं गाव धक्क्याजवळ जमलं. मालक, त्यांच्या पाहुण्या बायका लोकरी टोप्या घालून, पाद्री, आम्ही धुण्याभांड्यांच्या बायका मागं. आमच्या नदीवर एक रीत आहे. कुणी फेकत असताना काठावरच्यानं बोलायचं नाही. मासा ऐकतो म्हणून नव्हे. फेकणाऱ्याचं थांबणं मोडतं म्हणून. लहान पोरंही तोंडावर हात ठेवतात. आदल्या दिवशी टॉर्मडनं मला वर आणखी बजावलं होतं, "खोकलीस, शिंकलीस, काही खूण केलीस, तर मी काठी तिथंच टाकीन. मला जमलं तर माझ्या हातानं जमू दे."

वारा सकाळी पाठीमागचा होता, बेताचा. आधी हेक्टर गेला. पहिली आत, दुसरी आत, तिसरी पाण्यात. त्यानं पाण्याला शिवी दिली, पाद्रीनं आकाशाकडे बघितलं. दुसऱ्यानंही दोन घेतल्या. तिसऱ्याची फक्त पहिली पडली. तो बिचारा मान खाली घालून बाजूला झाला. म्हणजे टॉर्मडला दोन हव्या होत्या. दोन पडल्या की घर राहिलं, नदी राहिली.

टॉर्मड धक्क्यावर चालत गेला. पावलं मोजत होता, अठरा. मीही मोजत होते. टोकाला थांबला. तोंड जरा वाकडं करून त्यानं खोपट शोधलं, पाच वावांची गाठ बोटाखाली घेतली. काठी मागं, बटाटे, काठी पुढं. माशी रिंगेत कापसासारखी उतरली. लोक टाळ्या वाजवायला लागले आणि लगेच गप्प झाले.

दुसरीच्या वेळी वारा थोडा वाढला. मी पाहिलं, रिंग सरकली होती. जास्त नाही, हातभर. टॉर्मडची माशी धुराड्याच्या रेषेत अचूक गेली आणि रिंगेच्या अलीकडच्या कडेला टेकून पाण्यात पडली. प्रिंगलनं मान हलवली, बाहेर.

मग वारा फिरला. आमच्याकडे फेब्रुवारीत तो असाच फिरतो, दार उघडून कोणी आत यावं तसा. पाठीचा होता तो ईशान्येचा झाला, धक्क्यावर आडवा, थेट उजवीकडून. आणि तिसरी पिवळी रिंग माझ्या डोळ्यांदेखत आपली ढील घेत घेत डावीकडे निघाली. एक वाव. दीड. दोन. थोडी अलीकडेही आली. चर्चच्या भिंतीच्या रेषेत आता नुसतं काळं पाणी.

टॉर्मडनं गाल फिरवला. वारा कळला त्याला. काठी डाव्या खांद्यावर गेली. तीन गाठी बोटाखालून गेल्या.

मला ओरडता येत नव्हतं. ओरडले असते तर रीत मोडली असती, त्याचा शब्द मोडला असता, आणि सगळ्या गावाला कळलं असतं की टॉर्मडला सांगावं लागतं. गप्प राहिले तर घर जाणार. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच. मी एप्रनचं टोक तोंडात कोंबलं.

अशी फेक मी कधी पाहिली नाही. आडव्या वाऱ्यात अकरा वाव दोरी एखाद्या दोराच्या लडीसारखी उलगडत गेली, आणि माशी अलगद उतरली. तिथं, जिथं काल रिंग होती. बरोबर मधोमध. फक्त रिंग नव्हती.

पाहुण्या बायकांपैकी एक खुदकन हसली. बाकी कोणी हललं नाही. हेक्टरचं तोंड मी पाहिलं. त्याला आधी ढील आठवली असणार, आणि मग दुसरंही काही.

प्रिंगल वाईट माणूस नाही. तो म्हणाला, "टॉर्मड, रिंग वाऱ्यानं सरकली आहे. हे काही बरोबर नाही. पुन्हा टाका."

टॉर्मडनं दोरी गोळा केली. पाण्याकडे बघितलं. मग कोंबडी बघते तशी मान एका बाजूला वळवली, मग दुसऱ्या बाजूला. पिवळी रिंग बारीक, पाणी चमकणारं. काही दिसलं नाही. मी म्हटलं, देवा, टाक कुठंही, टाकून दे, चुकू दे, पण विचारू नको.

"किती सरकली?" टॉर्मडनं विचारलं.

एक्केचाळीस वर्षांचा गिली, अकरा वावांवर, भर उजेडात. वाराही ऐकत असल्यासारखा वाटला मला.

हेक्टर पुढं आला. "दोन वाव डावीकडे. हात-दीड हात अलीकडे."

टॉर्मडनं दोरी हातभर आत घेतली. पाय जरासा वळवला. डावा खांदा, मागं, थांबला, पुढं. माशी रिंगेत पडली. उजव्या कडेजवळ, पण आत. मी पाहिली. सगळ्यांनी पाहिली.

कुणी टाळी वाजवली नाही.

प्रिंगल धक्क्यावर त्याच्याजवळ चालत गेला आणि हळूच म्हणाला, "टॉर्मड, तुम्हाला ती रिंग दिसते का?"

खोटं बोलणं माझं खातं होतं. तो कधीच बोलला नव्हता. त्याच्या वाटचं मी बोलत आले होते. तो म्हणाला, "नाही."

"किती दिवस?"

"तीन हंगाम."

प्रिंगलनं टोपी काढून हातात धरली. हे लोक काय करावं कळलं नाही की टोपी काढतात. हेक्टर भडकला. "रिंगा दोन झाल्या! कागदावर काय लिहिलंय? रिंगा मोजायच्या लिहिलंय. डोळे मोजायचे कुठं लिहिलंय?"

"हेक्टर," टॉर्मड म्हणाला, "गप्प बस."

त्याच संध्याकाळी प्रिंगलनं टॉर्मडचं नाव काढलं, आणि खरं सांगायचं तर त्याचं चुकलं नाही. ज्या माणसाला अकरा वावांवरची रिंग दिसत नाही, त्याच्या हवाली कुणी पाहुणा पाण्यात कसा सोडेल? मी स्वतः तीन वर्षं खिडकीतून परत आलेले मोजत होते. पण बरोबर असलेल्या गोष्टीवर रागही काढता येत नाही, आणि मला त्या दिवशी राग काढायला फार हवं होतं. मग मी हसलेल्या बाईच्या उशांच्या अभ्र्यांना पुढचे दोन महिने भरपूर खळ घातली. एवढंच माझ्या हातात होतं.

रिंगा कमी पडलेला तो गिली आमच्या घरी आला, तेव्हा त्याची बायको पोटुशी होती. "टॉर्मडकाका, मी जागा सोडतो," म्हणाला. टॉर्मडनं त्याला चहा दिला, चार चमचे साखर घालून, आणि म्हणाला, "मूर्खासारखं बोलू नको. आठ वावांवर तू फार लवकर पुढं येतोस. हेरिंगपर्यंत थांब."

मेच्या अखेरीला आम्ही किल्ली दिली. सामान हेक्टरच्या गाडीत दोन खेपांत मावलं. आता आम्ही डिंगवॉलला माझ्या मुलीकडे राहतो. मागच्या बाजूला फरशीचं अंगण आहे, शेजाऱ्याच्या भिंतीपर्यंत चार वाव. टॉर्मडला तिथं खुर्ची टाकून देते. तक्रार करत नाही. जेवतो, रेडिओ ऐकतो, माझ्या नातीला बूट बांधायला शिकवतो, बोटांनी.

फक्त एक गोष्ट विचारतो. पहिल्यांदा जूनमध्ये विचारलं.

"इशबेल, ती शेवटची. पडली होती का?"

"पडली."

"रिंगेत?"

"रिंगेत."

"मधोमध?"

वाटलं, बारीकसारीक सांगितलं तर पटेल. "मधोमध नाही. उजव्या कडेजवळ. चार बोटं आत."

"इतकं बारीक सांगतेस म्हणजे आधीच ठरवून ठेवलं असशील. तीन वर्षं तू माझ्यासाठी सगळ्या गावाशी खोटं बोललीस, बाई. एकट्या माझ्याशी का बोलणार नाहीस?"

हेक्टर भेटायला आला तेव्हा त्याच्याकडून वदवून घेतलं. हेक्टरनं आपल्या आईची शपथ घेतली. तो गेल्यावर टॉर्मड म्हणाला, "हेक्टर गिली आहे. साहेबाची माशी झाडात जाऊ दे नाहीतर टोपीत, गिली 'झकास फेक' असंच म्हणतो. मी स्वतः म्हणत आलो." प्रिंगललाही मी मुलीकडून पत्र घातलं. उत्तर आलं, चांगलं टाइप केलेलं, खाली सही. मुलीनं वाचून दाखवलं. टॉर्मडनं कागद हातात घेऊन चाचपला आणि म्हणाला, "सभ्य माणूस आहे तो."

टाळी वाजली असती तर त्यानं कानानं ऐकलं असतं. त्या शेवटच्या फेकीला आम्ही शंभरेक माणसं उभी होतो आणि एकानंही हात हलवला नाही. मीसुद्धा. माझ्या तोंडात एप्रन होता.

परवा पुन्हा विचारलं त्यानं. मी मोजा विणत होते, टाके मोजत होते.

"पडली रे बाबा, पडली," मी म्हटलं.

"बरं," तो म्हणाला, आणि रेडिओचा आवाज जरा मोठा केला.